ब्रेक

मराठीत गाडीचा ब्रेकही ब्रेकच आणि चहाचा ब्रेकही ब्रेकच. पायाखालचा दाबायचा, चहाचा घ्यायचा, एवढाच फरक. 'फ्रेंड्स' मालिकेतल्या रेचलने 'आपण ब्रेक घेऊ' म्हटलं तेव्हा तिला यातला कुठला म्हणायचा होता, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. मूळ भांडण फेब्रुवारी १९९७ मधलं. ते दोघं, म्हणजे रेचल आणि तिचा प्रियकर रॉस, अमेरिकेतले, न्यूयॉर्कचे. आम्ही पुण्यात सोफ्यावर बसून अजून त्यांचा निवाडा करतोय.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. दोघांच्या प्रेमाला वर्ष झालंय, ती ऑफिसच्या कामात बुडालीय, म्हणून रॉस जेवणाची टोपली घेऊन थेट तिच्या ऑफिसातच थडकतो. त्यातून रात्री वाद होतो. रेचल ब्रेकचं काढते. त्याला वाटतं, जरा डोकं थंड करायला फ्रोजन योगर्ट वगैरे खाऊन येऊ. ती म्हणते, तसा नाही, आपल्या नात्यातून ब्रेक. तो निघून जातो. नंतर बारमधून फोन करतो, तर मागून मार्कचा आवाज येतो. मार्क हा तिचा ऑफिसातला मित्र, रॉसच्या डोळ्यात आधीपासूनच सलणारा. कोण आहे विचारल्यावर ती आधी म्हणते, कुणी नाही. त्या रात्री रॉस क्लोई नावाच्या मुलीबरोबर राहतो. सकाळी समेट करायला रेचल दारात हजर, आणि क्लोई दाराआड.

"तिनंच म्हटलं ना ब्रेक घेऊ म्हणून? मग झालं तर!" इति नवरा. हा माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्येही असाच नियमावर बोट ठेवतो. माझं म्हणणं, ब्रेक होताच म्हणतोस, तर मग दुसऱ्या दिवशी रॉस बातमी दाबायला गावभर का पळत होता? क्लोईकडून तिच्या सहकाऱ्याला, त्याच्याकडून त्याच्या बहिणीला, असं एकेकाला गाठत तो कॅफेतल्या गुंथरपर्यंत पोहोचतो, तर गुंथरने तोवर रेचलला सांगूनही टाकलेलं. ज्याला आपली बाजू पटलेली असते तो एवढा घामाघूम होत नाही. "मित्रांनीच सांगितलं होतं त्याला तसं करायला," नवरा म्हणतो. हे खरं आहे, पण मी ते मान्य करत नाही. आणि रेचलचं ते 'कुणी नाही'? तिथे मात्र मी विषय बदलते.

सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नाही, पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी चार दिवस माहेरी जायचो, तेच ना हे?" तेच, पण माहेरी गेलेल्या बाईची पिशवी बघूनच कळायचं की ही चार दिवसांसाठी गेलीय की कायमची. रेचलच्या हातात पिशवीच नव्हती, नुसता शब्द होता.

मला त्या भांडणात सगळ्यात खरा वाटतो तो पिझ्झा. ऐन रणधुमाळीत दोघांना भूक लागते. रॉस फोनवर ऑर्डर देत असतो, रेचल म्हणते, अँचोव्हीज नकोत. तो मुद्दाम जास्तीच्या सांगतो. मी वेचून काढीन, ती म्हणते. मग त्या चिरून सॉसमध्येच घाला, असं तो सांगतो. एवढे खारट छोटे मासे, पण कुणाला काय आवडत नाही हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय असा वार करता येत नाही. आणि हे सगळं चालू असताना त्यांचे बाकीचे चौघे मित्रमैत्रिणी आतल्या खोलीत अडकून, केस काढायचं मेण खात कान देऊन बसलेले. शेजारी आवाज चढला की आपण टीव्हीचा आवाज कमी करतो, तसेच. त्यामुळे मला त्यांचा राग येत नाही.

परवा पुन्हा तोच एपिसोड लागला, पुन्हा तोच वाद. शेवटी मी विचारलं, "लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एकदा तू चपला घालून दार आपटून गेला होतास. रात्री साडेदहाला उगवलास. तो काय होता?"

"कधी? हां, तेव्हा. तेव्हा मी दूध आणायला गेलो होतो."

दूध आणलं होतं, हे खरं. घरात आधीच दोन पिशव्या होत्या.