घमेल्यातलं घनफळ

शाळेत घनफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, संपलं. त्या ठोकळ्यात हवा पण असते हे कोणी सांगितलंच नव्हतं.

गावच्या घरावर स्लॅब टाकायचा ठरलं तेव्हा मी रात्री वही घेऊन बसलो. 25 बाय 20 फूट, जाडी 5 इंच, झाले 208 घनफूट, म्हणजे दोन ब्रासच्या जरा वर (100 घनफुटांचा एक ब्रास). बीम नंतर बघू म्हटलं. आणि या धंद्यात मापांचा तरी काय मेळ, स्लॅब इंचात, सळई मिलिमीटरमध्ये, वाळू ब्रासमध्ये, सिमेंट पोत्यात! तर सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण एकास दीडास तीन, बेरीज साडेपाच, भागाकार केला, एक पोतं सव्वा घनफुटाला जरासं कमी धरलं, सिमेंट 31 पोती. लाल पेनाने चौकट केली.

मिस्त्रींनी वही बघितली आणि म्हणाले, "दादा, एवढ्यात एक कोपरा उघडाच राहील की ओ."

मग काही न बोलता त्यांनी घमेलंभर खडी घेतली आणि वरून अर्धं घमेलं वाळू ओतत हलवत गेले, वाळू खाली खाली जात राहिली आणि घमेलं काही दीडपट झालं नाही. "गेली ना पोटात?" त्या वाळूच्या पोटात परत सिमेंट जाणार, वर पाणी पडलं की सगळं अजून बसणार. पुस्तकात याला 1.54 ने गुणा म्हणतात. 208 चे झाले 320, पोती 48. म्हणजे मी 17 पोती कमी आणणार होतो, आणि भर स्लॅबात माल संपला तर तिथे जोड पडतो आणि पावसाळ्यात बरोबर तिथूनच गळतं.

वाळूचं तर उलटंच. दमट वाळू फुगते, पाव हिस्सा सहज, त्यामुळे डंपरच्या हौदाला टेप लावून ब्रास पूर्ण भरला तरी वाळू कमीच असते. मी बादलीत करून बघितलं, वाळू भरली, पूर्ण बुडेल एवढं पाणी घातलं आणि हलवली, तर चांगली तीन बोटं खाली बसली. भाव मात्र काठोकाठचा दिलेला.

घाबरून मी 50 पोती आणली. दोन उरली, एक शेजारी गेलं, दुसरं पावसात दगड झालं, कागदी पिशवीच्या सुरकुत्यांसकट. आता त्याच्यावर बसून बूट घालतो. परवा सहज टेप लावला, सव्वा घनफुटाला जरासं कमी भरलं.