‘एकदा रीसेट करून बघा’: बॉयलरच्या एक्झॉस्टचा माझा अनुभव

आमच्या घरातला गॅस बॉयलर अकरा दिवसांत चौदा वेळा बंद पडला आणि त्या काळात सर्व्हिसच्या कार्यालयाकडून मला एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकावे लागले: ‘‘सर, एकदा रीसेट करून बघा.’’ दुरुस्ती होऊन आता दीड महिना झाला आहे, तरीही ते वाक्य आठवले की डोके तापते.

आधी बिघाड कोणता होता ते सांगतो. बॉयलर पेटण्यापूर्वी त्याचा पंखा फिरू लागतो आणि एक्झॉस्ट पाइपमधून हवा नीट पुढे सरकते आहे की नाही हे एअर प्रेशर स्विच तपासतो. स्विचने होकार दिला तरच ठिणगी पडते, अन्यथा बॉयलर स्वतःला लॉक करून पडद्यावर कोड दाखवतो. जळालेला वायू बाहेर जाण्याची वाट मोकळी नसेल तर पेटायचेच नाही, असा तो साधा नियम आहे. वाट अडली तर ज्वाळेला हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. म्हणजे हा लॉक सुरक्षेसाठी असतो, आणि कार्यालय मात्र तो अडकलेल्या दाराच्या कडीसारखा उघडायला सांगत होते. पहिल्या दोन दिवसांत मीही मुकाट्याने पाच वेळा रीसेट केले, हे मान्य करायला हवे. पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते की एकदा रीसेट करूनही तोच कोड आला तर बॉयलर बंद ठेवून तंत्रज्ञाला बोलवावे. पण पुस्तिका मी तिसऱ्या दिवशी उघडली.

खरी रखडपट्टी तिथून सुरू झाली. तक्रारीच्या फॉर्ममध्ये ‘गरम पाणी येत नाही’, ‘गळती’, ‘कोड दिसतो’ एवढेच पर्याय होते. बॉयलर सकाळी सुरळीत पेटतो आणि साधारण चाळीस मिनिटांनीच लॉक होतो, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट लिहायला त्यात जागाच नव्हती. फोनवर सांगितले, तर ‘‘कोड कोणता आहे, सर?’’ असा प्रश्न येई, आणि कोड सांगितला की पुन्हा रीसेटचा सल्ला. चौथ्या दिवशी पहिले तंत्रज्ञ आले. बॉयलर रात्रभर बंद असल्यामुळे त्यांच्यासमोर पहिल्याच झटक्यात पेटला. त्यांनी प्रेशर स्विच बदलला, कागदावर सही घेतली आणि वीस मिनिटांत ते गेले. संध्याकाळी तोच कोड! सातव्या दिवशी दुसरे आले, त्यांनी वायरिंग आणि पंखा पाहिला आणि ‘सगळे ठीक आहे’ असा शेरा मारला. त्या दोघांपैकी कोणीही माळ्यावर चढून पाइप पाहिला नाही. दुखणाईत मूल वैद्यांसमोर नेमके हसतेखेळते होते, तशी आमच्या बॉयलरची गत झाली होती, आणि खोटे आपणच ठरतो की काय असे मला वाटू लागले.

मग मी दोन गोष्टी केल्या आणि त्यांचा मला अजूनही अभिमान वाटतो. बॉयलर कधी सुरू झाला, कधी लॉक झाला आणि त्या वेळी वारा होता का, हे वहीत मांडले. शिवाय बंद पडण्याच्या आधी माळ्यावरून येणारी हुक्क्यासारखी गुडगुड मोबाइलवर रेकॉर्ड केली.

अकराव्या दिवशी आलेल्या तिसऱ्या तंत्रज्ञांनी ती गुडगुड ऐकली मात्र, अवजारांची पेटी खाली ठेवून थेट शिडी मागितली. आमचा बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा आहे. त्याच्या धुरातल्या वाफेचे पाणी होते आणि ते पाइपमधून उलटे बॉयलरकडे वाहून निचऱ्यातून जावे लागते. त्यासाठी पाइपला बॉयलरच्या दिशेने उतार लागतो, आमच्या पुस्तिकेप्रमाणे मीटरमागे ५० मिलिमीटर. माळ्यावरची एक पकड निसटल्याने पाइप मधोमध ओळंबला होता आणि त्या खोलगटात पाणी साचत होते. बॉयलर बराच वेळ चालला की पाणी वाढून वाट अडवी, बंद राहिला की ते थोडे ओसरे. हा पाइप म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्या: आतलीतून धूर बाहेर जातो, बाहेरचीतून ताजी हवा आत येते. हवा आत घेणाऱ्या त्या बाहेरच्या नळीत त्यांनी ॲनालायझरची, म्हणजे वायूंचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राची, सळई घातली. तिथे बाहेरच्या हवेइतका, म्हणजे २०.९ टक्के ऑक्सिजन दिसायला हवा होता, दिसला १९.४. आतल्या नळीचा सांधाही सरकला होता आणि बॉयलर स्वतःचाच धूर पुन्हा ओढत होता. त्यांनी तत्काळ गॅस बंद केला आणि वापरू नये अशी चिठ्ठी लावली. आठवडाभर शोधत होतो ते उत्तर एका आकड्यात मिळाले, म्हणून त्या चिठ्ठीचा मला रागच आला नाही. दुसऱ्या दिवशी नवे सांधे आणि नव्या पकडी बसल्यावर आकडा २०.९ वर आला.

आठवेल तसे आणखी काही सांगतो. थंडीत एक्झॉस्टच्या तोंडातून पांढरी वाफ येणे कंडेन्सिंग बॉयलरमध्ये स्वाभाविक आहे, ती पाहून घाबरू नये. पण ते तोंड पाने, घरटे किंवा बर्फाने बुजले नाही ना, हे जमिनीवरून अवश्य पाहावे. बॉयलरचे झाकण स्वतः उघडू नये, कारण पुष्कळ मॉडेलांत तेच हवाबंद कवचाचा भाग असते. घरातल्या एकापेक्षा अधिक माणसांना डोकेदुखी, मळमळ किंवा गरगर जाणवत असेल आणि बाहेर पडल्यावर बरे वाटत असेल, किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर सर्वांना बाहेर काढावे. जाता जाता जमल्यास खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, फोन बाहेरूनच करावा आणि परवानगी मिळेपर्यंत आत जाऊ नये.

आमचा अलार्म या सर्व काळात एकदाही वाजला नाही, आणि तेवढ्यावर मी निश्चिंत होतो. तंत्रज्ञांनी समजावले की धूर खोलीत न येता नळीतल्या नळीत फिरत असेल, तर अलार्मला तो कळणारच नाही. जाताना त्यांनी अलार्म भिंतीवरून काढून उलटा करून दाखवला. मागे छापलेली बदलण्याची तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटून गेली होती.