आमचे रोबॉट दिल्लीच्या वाटेवर आहेत, असे आम्ही धरून चाललो होतो

जुलै 2024 मध्ये आमचा संघ डीडी रोबोकॉनच्या, म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय रोबॉट स्पर्धेच्या, अंतिम फेरीसाठी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर गेला होता. महाविद्यालयातील नवी मुले त्याविषयी विचारायला येतात तेव्हा त्यांना मोटारी, कॅमेरा आणि प्रोग्रॅम यांबद्दल ऐकायचे असते. मी मात्र आधी ई-वे बिलाच्या, म्हणजे माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन जीएसटी कागदाच्या, ‘पार्ट बी’बद्दल सांगतो. त्या एका रिकाम्या रकान्यामुळे आमचे चार दिवस गेले, आणि त्याची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

त्या वर्षीचा विषय आंतरराष्ट्रीय रोबोकॉनचा यजमान असलेल्या व्हिएतनामने दिला होता आणि तो भातशेतीचा होता. पहिल्या रोबॉटने, म्हणजे आर-वनने, बारा रोपे लावायची, मग पिकलेल्या भाताचे चेंडू गोळा करून साठवणीच्या जागेत पोहोचवायचे. दुसऱ्याने, म्हणजे आर-टूने, कोणाच्याही हाताच्या मदतीशिवाय ते चेंडू ओळखून कणग्यांमध्ये टाकायचे. जांभळे चेंडू म्हणजे पोचट दाणे. एकूण पाच कणग्या, प्रत्येकीत जास्तीत जास्त तीन चेंडू, आणि ज्या कणगीत किमान दोन चेंडू आपल्या रंगाचे असतील व सर्वांत वरचाही आपलाच असेल ती आपली. अशा तीन कणग्या ज्याच्या झाल्या, तो संघ तीन मिनिटे संपण्याची वाट न पाहता तिथेच जिंकतो. माझे घर मावळातले. आमच्याकडे जुलैत भाताची आवणी चालते, आणि ज्या आठवड्यात बाबा गुडघाभर चिखलात इंद्रायणीची रोपे लावत होते, त्याच आठवड्यात मी कार्यशाळेत प्लास्टिकची रोपे उचलणारा पंजा घट्ट करत बसलो होतो. या विषयाबद्दल मला वाटणारी आपुलकी त्यामुळे होती.

आराखड्याची कागदपत्रे आणि रोबॉटचा व्हिडिओ यांचे टप्पे कोणतीही अडचण न येता पार पडले. अडचण सुरू झाली ती रोबॉट प्लायवूडच्या तीन पेट्यांमध्ये भरून एका खासगी मालवाहतूक कंपनीच्या गोदामात नेले तेव्हा. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, करताना तिथल्या कारकुनांनी मालाची किंमत विचारली आणि आम्ही खरी किंमत सांगितली, ती चार लाखांच्या पुढे होती. पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल लागते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आमच्या लेखा विभागाचे म्हणणे असे होते की आपण काही विकत नाही, मग बिल कशाला. परंतु ई-वे बिल विक्रीचे नसते, ते मालाच्या हालचालीचे असते; विक्री नसेल तर बीजकाऐवजी डिलिव्हरी चलन जोडायचे असते, आणि ई-वे बिलाच्या अर्जात ‘प्रदर्शन वा मेळावे’ असा स्वतंत्र पर्यायही आहे. हे सगळे आमच्या मार्गदर्शक सरांनी समजावून सांगितल्यावर विभागातल्या मॅडमनी त्याच संध्याकाळी संस्थेच्या जीएसटी क्रमांकावर बिलाचा पार्ट ए भरून दिला. आम्ही त्याची प्रत व चलन गोदामात दिले आणि निश्चिंत झालो.

खरी चूक इथेच झाली, कारण पार्ट ए म्हणजे पूर्ण बिल नव्हे. माल ज्या गाडीत चढतो त्या गाडीचा क्रमांक वाहतूकदार पार्ट बीमध्ये भरतो, आणि तो भरेपर्यंत एवढ्या लांबच्या प्रवासासाठी ते बिल वैध होत नाही. वैधतेचे दिवसही तेव्हापासूनच मोजले जातात, दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने. पुणे ते दिल्ली साधारण साडेचौदाशे किलोमीटर, म्हणजे आठ दिवस. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी रोज सकाळी कंपनीच्या कार्यालयात फोन करत होतो आणि रोज एकच उत्तर मिळत होते, ‘माल निघालाय, पोहोचेल.’ कोणती गाडी, ती आता कुठे आहे, हे विचारले की फोन दुसऱ्याकडे दिला जाई आणि तिकडून तो ठेवला जाई. चौथ्या दिवशी, दुसऱ्याच एका कामासाठी लेखा विभागात गेलो असताना, मी मॅडमना सहज म्हणालो की आपले बिल संगणकावर एकदा उघडून बघता का. त्यांनी ते उघडले, क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, ‘अरे, यात गाडीचा नंबरच नाही. तुमचा माल हललेला दिसत नाही.’

मी आणि माझे दोन सहकारी तसेच मोटारसायकलींवर गोदामात गेलो. आमच्या तिन्ही पेट्या मागच्या भिंतीशी, कापडाच्या गठ्ठ्यांखाली होत्या. ‘ही बाजू वर’ असे बाण आम्ही चारही बाजूंना रंगवले होते, तरी एक पेटी उलटी ठेवलेली होती. कारकुनांचे म्हणणे असे की चलन तीन प्रतींत लागते, तुम्ही एकच दिली, तीही शिक्क्याविना. म्हणून माल बाजूला काढला. नियम त्यांनी बरोबर सांगितला होता. एक प्रत माल घेणाऱ्यासाठी, एक वाहतूकदारासाठी आणि एक पाठवणाऱ्यासाठी, अशा तीन प्रती लागतातच. मी त्यांना एवढेच विचारले, ‘साहेब, बिल्टीवर आमचा मोबाइल नंबर आहे, आम्ही रोज फोन करत होतो, मग हे एकदाही का सांगितले नाही?’ त्यावर त्यांनी आठवड्याची गर्दी किती आहे ते सांगितले. तो प्रश्न मी आजही मागे घेत नाही. एकवीस विद्यार्थ्यांचे आठ महिन्यांचे काम त्या पेट्यांमध्ये होते, आणि त्याला अडवणारी गोष्ट एका शिक्क्याने सुटणारी होती.

त्यानंतरची दुपार महाविद्यालयात गेली. कुलसचिव बाहेरगावी होते, त्यामुळे सही कोणी करायची यावर दोन तास चर्चा झाली. शेवटी प्राचार्यांनी स्वतः सही केली आणि चलनावर स्पष्ट लिहून दिले की हे साहित्य विक्रीसाठी नाही, विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी आहे आणि परत येणार आहे. हे वाक्य तुम्ही पहिल्याच दिवशी टंकून घ्या. परतीच्या प्रवासासाठी लागणारे चलनही तेव्हाच सही-शिक्क्यासह सोबत ठेवा, कारण दिल्लीत तुमच्याजवळ प्राचार्य नसतात. रात्री पेट्या गाडीत चढल्या, आणि पार्ट बीमध्ये क्रमांक दिसेपर्यंत आम्ही गोदामाच्या दारातून हललो नाही.

बॅटऱ्या आम्ही पेट्यांत ठेवल्या नव्हत्या, हे सांगायचे राहिले. लिथियम-पॉलिमर बॅटरी मालाच्या गाडीत उन्हात तापू देऊ नये. आमच्या बॅटऱ्या 22.2 व्होल्ट आणि 4,200 मिलिअँपिअर-तासांच्या, म्हणजे सुमारे 93 वॅट-तासांच्या होत्या, आणि विमानाच्या केबिनमध्ये शंभर वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या वेगळ्या परवानगीशिवाय नेता येतात. म्हणून टोके चिकटपट्टीने झाकून आणि प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून सरांनी त्या स्वतःबरोबर नेल्या. संघ आगगाडीने गेला.

पेट्या दिल्लीला पोहोचल्या त्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी. सरावाची आमची वेळ तोपर्यंत निघून गेली होती. उलट्या पेटीतला आर-टू बाहेर काढला तेव्हा कॅमेऱ्याचा कंस वाकलेला होता आणि एका एन्कोडरची, म्हणजे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरची, तार तुटली होती. तार आम्ही अर्ध्या तासात जोडली, कंस सरळ करून त्याला आडवी पट्टी दिली. त्या पट्टीमुळे वजनाची धास्ती वाटली, कारण दोन्ही रोबॉट, बॅटऱ्या आणि रिमोट मिळून पन्नास किलोंची मर्यादा होती; काटा 49.4 वर थांबला आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. घरून निघताना एक किलो तरी हातचे ठेवावे, ते अशा पट्ट्यांसाठी.

सरावाची हुकलेली वेळ मात्र कशानेच भरून निघत नाही. कार्यशाळेतल्या ट्यूबलाइटखाली लाल, म्हणजे आमचा, आणि जांभळा हे रंग कॅमेऱ्याला अगदी वेगळे दिसत होते. स्टेडियमच्या पांढऱ्या झगझगीत प्रकाशात त्यांची मूल्ये एकमेकांत मिसळू लागली. मैदानावरच्या सरावात दहा मिनिटांत हे दोन रंग वेगळे ओळखण्याची मर्यादा नव्याने ठरवता आली असती. ती संधी नसल्यामुळे पहिल्या सामन्यात आर-वनने बाराही रोपे एकही न पाडता लावली, साठवणीत भात नेला, आणि आर-टूने पुढे जाऊन आमच्या चेंडूंच्या वर पोचट दाणा ठेवला. वरचा चेंडू आपला नाही, म्हणजे कणगी आपली नाही. त्या सामन्यात आम्ही हरलो.

दोन सामन्यांच्या मधल्या वेळात आमच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीने मैदानाच्या कडेला लाल आणि जांभळे चेंडू त्याच दिव्यांखाली धरून कॅमेऱ्याने सुमारे दीडशे छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून मर्यादा पुन्हा बसवल्या. दुसऱ्या सामन्यात आर-टूने जांभळा चेंडू ओळखला, सोडून दिला, वळून लाल उचलला आणि कणगीत सगळ्यांत वर ठेवला. त्या एका वळणासाठी आम्ही डिसेंबरपासून जागत होतो. आम्ही तो सामना जिंकलो. साखळी फेरीच्या पुढे आम्ही गेलो नाही, तरी त्या रोबॉटचा मला पूर्ण अभिमान आहे.

परतीसाठी त्याच कंपनीच्या दिल्लीतल्या गोदामात गेलो. चलनाच्या तीन प्रती, तिन्हींवर शिक्का, नवे ई-वे बिल, सर्व समोर ठेवले आणि पेट्या गाडीत चढताना उभे राहून पाहिल्या. मॅडमनी पुण्याहून पार्ट बीतल्या गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र मला मोबाइलवर पाठवले तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते. समोरच्या गाडीच्या पाटीशी तो क्रमांक ताडून पाहिला, आणि मग आम्ही सगळे जेवायला गेलो.