डावं इंजिन जास्त गरम?

रविवारी भाची कोपरखैरण्याला आमच्याकडे आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मामा, टेकऑफला डाव्या इंजिनचा ईजीटी उजव्यापेक्षा 31 अंश जास्त येतोय. सीनियर म्हणतात, चालायचंच."

ईजीटी म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान. मी 34 वर्षं विमानांच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये काढली, आणि "चालायचंच" हे उत्तर मला आजही सहन होत नाही.

फरक असतो, हे खरंच. एक इंजिन नुकतंच ओव्हरहॉल होऊन आलेलं, दुसरं हजारो उड्डाणं केलेलं. झिजलेल्या इंजिनाला तेवढाच जोर द्यायला जास्त तापावं लागतं. तिच्या 737 वरच्या सीएफएम 56-7बी इंजिनाची ईजीटी मर्यादा 950 अंश, त्या मानाने 31 म्हणजे काहीच वाटत नाही. पण मी विचारलं, "सहा महिन्यांपूर्वी किती होता?" ते तिला माहीत नव्हतं. वर्षभर 30 असेल तर तो त्या जोडीचा स्वभाव. महिन्याभरात 10 चा 30 झाला असेल तर काहीतरी घडलंय.

"आणि एन वन, म्हणजे पुढच्या पंख्याचा वेग, दोन्हीकडे सारखा असताना फ्युएल फ्लो काय सांगतो?" इंजिन खरंच तापत असेल तर ते इंधनही जास्त पितं. एकटा ईजीटीच चढला असेल तर मी आधी प्रोब, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सळ्या, आणि वायरिंग बघेन. त्या इंजिनात आठ प्रोब असतात आणि कॉकपिटमध्ये दिसते त्यांची सरासरी. एखादा बिघडला तरी आकडा येत राहतो, नुसता सरकतो. फसायला होतं ते इथेच.

मग माझ्या खणातून क्रोमेल आणि अल्युमेलच्या दोन तारा काढल्या. प्रोबमध्ये याच दोन मिश्रधातूंची जोडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. दिसायला सारख्याच. फ्रीजवरचं चुंबक लावलं, अल्युमेल चिकटली, क्रोमेल नाही. दोघींची टोकं पिळून चहाच्या उकळत्या आधणात बुडवली, दुसरी टोकं मल्टिमीटरला. 2.9 मिलिव्होल्ट. "पण थर्मोकपलच्या तक्त्यात 100 अंशांना 4.1 आहे," ती म्हणाली. बरोबर, कारण तक्ता दुसरं टोक शून्य अंशांत धरतो आणि आमच्या स्वयंपाकघरात होते 30. थर्मोकपल तापमान मोजतच नाही, दोन टोकांतला फरक मोजतं. एवढ्याशा व्होल्टेजच्या वाटेत एक नट सैल झाला किंवा टर्मिनलवर गंज चढला, की आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. तारा उलटसुलट लागू नयेत म्हणून त्यांचे नटही लहानमोठे ठेवलेले असतात.

चहा मात्र पुन्हा टाकावा लागला.

काल तिचा मेसेज आला: मार्चमध्ये फरक 12 होता, फ्युएल फ्लो तेव्हाही आणि आताही दोन्हीकडे सारखाच. सीनियरनीही लॉग बघितलाय. विमान आज रात्री हँगरमध्ये घेणार आहेत, हार्नेस म्हणजे प्रोबच्या तारांची जुडी तपासायला. फोन उशाशी ठेवलाय.