तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रीजवर किमच का?

आमच्याकडे जेवायला आलेलं माणूस पाणी घ्यायला फ्रीजपाशी गेलं की दारावरचं बेसबॉल कार्ड बघून विचारतंच, हा कोण गं? मी सांगते, ब्युंग-ह्युन किम, अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स या अमेरिकन बेसबॉल टीमचा रिलीफ पिचर होता. ज्याला बेसबॉल कळतो तो लगेच हसतो, म्हणतो तोच ना ज्याला लागोपाठ दोन रात्री होम रन बसले, आणि तू न्यू जर्सीत राहून शेजारच्या न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा सोडून याचं कार्ड लावलंस? नागपूरहून आलेल्यांना आधी रिलीफ पिचर म्हणजे काय तेच सांगावं लागतं. पिचर म्हणजे आपला बॉलर; सुरुवात करणारा पिचर थकला की मधेच ज्याला आणतात तो रिलीफ पिचर, आणि शेवटची नववी इनिंग जो सांभाळतो तो क्लोजर. होम रन म्हणजे आपल्या सिक्ससारखा. मग ते म्हणतात, म्हणजे लास्ट ओव्हरवाला! आणि तो हरला? मग लावलाच कशाला?

इतकी वर्षं मी "आवडतो" म्हणून विषय बदलत आले. आज नीट सांगते.

एप्रिल १९८६, मी चौथीत. शारजाची फायनल, शेवटच्या बॉलवर चार हवे, चेतन शर्माचा फुलटॉस आणि मियाँदादचा सिक्स. आमच्या वाड्यात वीसेक माणसं एका टीव्हीसमोर बसली होती, आणि त्या रात्री चेतन शर्माला ज्या शिव्या पडल्या त्यातल्या काही मला पहिल्यांदाच कळल्या. मीही दिल्या. वीस वर्षांचा पोरगा होता तो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग ३१ ऑक्टोबर १९८७ ला, वर्ल्ड कपला, बाबांनी मला नागपुरातच व्हीसीएच्या ग्राउंडवर नेलं आणि त्याच चेतन शर्माने न्यूझीलंडच्या रुदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड या तिघांच्या दांड्या लागोपाठ उडवल्या, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. आमच्या मागचे काका दीड वर्ष ज्याला शिव्या घालत होते त्याच्यासाठी नाचत होते. मीही नाचले. तेव्हा त्यात मला काहीच खटकलं नव्हतं.

आता २००१. मी पंचवीसची, जर्सी सिटीत तीन मुलींबरोबर राहात होते, अमेरिकेत येऊन दोन वर्षं झालेली. ११ सप्टेंबरबद्दल मी इथे लिहिणार नाही, आमच्या खिडकीतून काय दिसलं तेही नाही. एवढंच की त्या ऑक्टोबरमध्ये ज्यांना बेसबॉलचा ब पण माहीत नव्हता तेही यांकीजसाठी ओरडत होते, आम्हीसुद्धा. न्यूयॉर्कला काहीतरी चांगलं मिळायला हवं होतं, बस.

वर्ल्ड सिरीज म्हणजे बेसबॉलची फायनल, चार मॅच आधी जिंकेल तो चॅम्पियन; यांकीज आणि किमची टीम समोरासमोर. तिची चौथी मॅच ३१ ऑक्टोबरला होती. (हो, तीच तारीख. मला हे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.) अ‍ॅरिझोना ३-१ पुढे. कर्ट शिलिंगला ८८ पिचनंतर (पिच म्हणजे टाकलेला एक बॉल) काढलं आणि आठव्या इनिंगला किम आला. बावीस वर्षांचा, कोरियातल्या ग्वांग्जूचा, हात पार कमरेखालून, जमिनीला घासेल की काय असा यायचा आणि बॉल खालून वर उसळायचा. आल्या आल्या तिघांना स्ट्राइकआऊट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर आऊट. नवव्या इनिंगला दोन आऊट (तिसरा झाला की मॅच संपली), एक माणूस बेसवर, आणि टिनो मार्टिनेझने पहिल्याच पिचवर होम रन मारला. दोन रन, बरोबरी. तरी मॅनेजर बॉब ब्रेनलीने त्याला दहाव्या इनिंगला पण ठेवलं, तिथेही दोन आऊट केले त्याने, तोवर मध्यरात्र उलटून नोव्हेंबर लागला होता, आणि डेरेक जेटरने होम रन मारून मॅच संपवली. किमचे साठाहून जास्त पिच झाले होते. क्लोजर साधारण पंधरा-वीस टाकतो.

आणि दुसऱ्या रात्री त्यालाच परत आणलं.

किमची टीम २-० पुढे, नववी इनिंग. यांकीजच्या पोसाडाचा डबल, म्हणजे एका फटक्यात दुसऱ्या बेसवर. मग एक आऊट, दोन आऊट. आमच्या खोलीत कुणी बसलेलं नव्हतं, मी तर पलंगावर उभी होते. स्कॉट ब्रोशियसने मारला तो बॉल डावीकडे गेला आणि बॅटवरून सुटताक्षणी कळलं, होम रन, परत बरोबरी. किमने वळून पाहिलं आणि तिथल्या तिथे माउंडवर, पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, उकिडवा बसला. मान खाली. परीक्षेचा निकाल बघून पोरं पायरीवर बसतात ना, तसा. पन्नास हजारांवर लोक ओरडतायत आणि मधोमध हा. मग फर्स्ट बेसवरून त्याच्याच टीमचा मार्क ग्रेस चालत आला आणि त्याने त्याला जवळ घेतलं. ब्रेनलीने येऊन त्याला बदललं. यांकीजनी बाराव्या इनिंगला ती मॅच पण जिंकली.

मी काय केलं? मी किंचाळले. पलंगावर उड्या मारल्या, आणि त्याचा चेहरा टीव्हीवर आला तेव्हा बोट दाखवून मराठीत जे बोलले ते वाड्यातल्या त्या रात्रीचंच होतं, शब्द न् शब्द. बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं. खाली बसले आणि परत उठलेच नाही. मैत्रिणींना वाटलं बरं वाटत नाहीये.

हे आहे उत्तर. म्हणून तो फ्रीजवर आहे.

पण तुमचं पुढचं वाक्य मला पाठ आहे, की प्रेशर झेपलं नाही त्याला, खेळाडू म्हणून कच्चाच होता. हे मी ऐकून घेणार नाही. त्याच सीझनला ९८ इनिंगमध्ये ११३ स्ट्राइकआऊट आहेत त्याचे. पुढच्या वर्षी, सगळं डोक्यात असताना, ३६ सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन टीमची आघाडी टिकवलेल्या मॅच, आणि ऑलस्टार टीममध्ये निवड. कच्चा माणूस दुसऱ्या रात्री बॉल हातात घेतो का? आणि मुळात त्याला रिलीफ करायचंच नव्हतं, त्याला सुरुवातीपासून पिच करायचं होतं. काहीजण म्हणतात, शेवटी अ‍ॅरिझोनाच जिंकली ना, चॅम्पियनची अंगठी मिळाली, मग दुःख कसलं? जिंकली, सातव्या मॅचला, तीही रिव्हेराला हरवून. पण त्या ब्रोशियसनंतर त्या सिरीजमध्ये किमच्या हातात बॉल परत दिला नाही.

सगळंच मात्र मला सावरून घेता येत नाही. २००३ मध्ये तो बॉस्टनच्या टीमकडे गेला, आणि तिथे स्वतःच्याच टीमच्या चाहत्यांनी हुर्यो केल्यावर त्याने त्यांना मधलं बोट दाखवलं. ते मला तेव्हाही आवडलं नाही आणि आजही नाही. मग हवं होतं तसं स्टार्टर व्हायला मिळालं, कोलोराडोकडून, तर २००६ मध्ये बॅरी बॉन्ड्सचा ७१५ वा होम रन, बेब रूथला मागे टाकणारा, यालाच बसला. शेवटी ५४ विजय, ६० पराभव, ८६ सेव्ह. ग्रेट म्हणायला आकडे नाहीत हे, मला कळतं.

आणि ब्रेनलीचं? दहा-बारा वर्षं मी छातीठोक सांगायचे की त्याने पोराला वापरून फेकलं, साठ पिचनंतर लगेच दुसऱ्या दिवशी कोण आणतं? आता टीममध्ये माझ्या हाताखाली पंचविशीतली मुलं आहेत आणि ज्याच्याकडून काल चूक झाली त्याला आज काम देऊ की नको यावर मी रात्र रात्र जागलेय. नाही दिलं तर तो समजतो आपल्यावरचा विश्वास गेला. दिलं आणि परत तेच झालं तर? कधी वाटतं ब्रेनलीने बरोबर केलं. मग ते उकिडवं बसणं आठवतं आणि परत राग येतो. यावर मी स्वतःशीच अजून भांडते.

जून २००२ मध्ये अ‍ॅरिझोना परत यांकी स्टेडियममध्ये खेळायला आली आणि शेवटी किमच आला. तेच माउंड, तीच गर्दी, तसंच हुर्यो. या वेळी त्याने मॅच वाचवली आणि संपल्यावर बॉल उचलून डावीकडच्या भिंतीपलीकडे फेकून दिला, ब्रोशियसचा गेला होता त्याच बाजूला. माझी रूममेट वैतागून टीव्ही बंद करायला उठली. मी म्हटलं, थांब, राहू दे जरा. आणि उभी राहून टाळ्या वाजवल्या.