देवळाली कॅम्प, एक मोबाईल आणि खालिद सर

लिहायला खूपच उशीर झालाय, पण राहवत नाही म्हणून लिहितोय. सप्टेंबर 2025 ची गोष्ट. मुंबईत ईदची सुट्टी शुक्रवारवरून सोमवारी 8 तारखेला ढकलली होती, शनिवारी विसर्जन उरकलं, रविवार-सोमवार मोकळा, म्हणून ताईला फोन केला की नाशिकला येतोय. फोन भाच्याने हिसकावला आणि पहिलं वाक्य काय, तर मामा सोमवारी इंडिया-ओमान फुटबॉल आहे, मॅच बघूनच जायचं.

रविवारी पहाटे सीएसएमटीवरून तपोवन पकडली. कसाऱ्याला गाडी थांबली की मी अजूनही खाली उतरतो, लहानपणापासूनची सवय, मागच्या बाजूला बँकर इंजिनं लागताना बघायची. 37 फुटांना एक फूट असा चढ आहे, पुढच्या इंजिनाला एकट्याला झेपत नाही, मागून ढकलावं लागतं. इगतपुरीला ही इंजिनं सुटतात आणि गाडी निघून जाते, डब्यातल्या निम्म्या लोकांना पत्ताही नसतो. घाट तर काय सांगू, सगळा हिरवागार, बोगद्याबाहेर आलं की धबधबा, परत बोगदा.

नाशिकरोडला दाजी बाईक घेऊन आले होते. आधी मिसळ, काळ्या मसाल्याची, सोबत पापड आणि दही, मग बिटको, विहितगाव करत देवळाली कॅम्प. त्या दिवशी रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं त्यामुळे ताईची स्वयंपाक लवकर आवरायची घाई, तरी दुपारी आम्ही रामकुंडावर चक्कर मारून आलो. दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत पाणी लागलं यावर नाशिककर पुराचा अंदाज घेतात, भाच्याने तो मारुती मला नव्याने दाखवला आणि लगेच विषय फुटबॉलवर आणला, आपला नवा इंडिया कोच खालिद जमील कसा प्लेअर होता मामा, तू बघितलाय ना?

बघितलाय. कॉलेजात असताना मुंबईत कूपरेजच्या फुटबॉल ग्राउंडवर जायचो आम्ही, लाकडी बाकांवर बसून मॅच बघायची. खालिद मिडफिल्डला. जन्म कुवेतचा, 1977 चा, पण फुटबॉलर म्हणून आपल्या मुंबईतच घडला, महिंद्रा युनायटेड, मग एअर इंडिया, मग परत महिंद्रा. भारताकडूनही खेळला. पण दुखापतींनी त्याची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. 2007 ला मुंबई एफसीने त्याला प्लेअर म्हणून घेतलं पण शरीर साथ देईना, शेवटी 2009 मध्ये बूट उतरवले आणि त्याच क्लबचा कोच झाला, वय फक्त 32. भाच्याला हे माहीतच नव्हतं, त्याला वाटायचं कोच म्हणजे पहिल्यापासून कोच.

मुंबई एफसीकडे पैसा कमी, स्टार नाहीत, पण सात वर्षं त्याने ती टीम आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमधून, खाली जाऊ दिली नाही. लोक म्हणायचे डिफेन्सिव्ह खेळतो, बोअर करतो. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की जे प्लेअर हातात आहेत त्यांच्याकडून पॉइंट काढणं ही मोठी कला आहे आणि आपल्याकडे तिची किंमत कोणी करत नाही. 2016 ला त्याला मुंबई एफसीमधून जावं लागलं. तो गेला मिझोरामला, आयझॉल एफसीकडे. ही टीम आदल्या सीझनला चक्क रेलिगेट झालेली, म्हणजे खालच्या लीगमध्ये गेलेली, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतलेली. मुंबईतून जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखी आपली पोरं आयझॉलला पोचली, आणि 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये तिथल्याच लाजोंग क्लबविरुद्ध 1-1 ड्रॉ करून आयझॉल चॅम्पियन! कोलकात्याच्या मोहन बागानपेक्षा फक्त एक पॉइंट जास्त. ईशान्येतला पहिला क्लब जो देशाचा चॅम्पियन झाला. आणि त्याच सीझनमध्ये मुंबई एफसी तळाला जाऊन रेलिगेट. त्यानंतर मी ऑफिसमधल्या प्रत्येकाला पकडून सांगत होतो, कोणाला काही पडलेली नव्हती.

पुढचं भाच्याला तोंडपाठ आहे, ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड, मग जमशेदपूर, आणि 1 ऑगस्ट 2025 ला भारताचा कोच. शॉर्टलिस्टमध्ये दोन परदेशी कोच होते, त्यातले एक कॉन्स्टंटाइन, जे आधीही आपले कोच होते. तरी निवड खालिदची. सावियो मडेरानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या खुर्चीत.

सोमवारी संध्याकाळी भाच्यासोबत त्याच्या ग्राउंडवर गेलो. दिवसभर पाऊस, काळी माती, दोन पावलं टाकली की बुटाला दोन किलो चिखल. प्रॅक्टिस संपल्यावर पोरं ओळीत बसून काटकीने स्टडमधला चिखल काढत होती आणि भाच्याच्या डाव्या बुटाचा सोल पुढून उघडा, त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून वरून गुंडाळलेली. आईला सांगू नको म्हणाला. त्यांचे सर फीपेक्षा जास्त बॉलवर खर्च करत असावेत, पाच बॉल होते आणि पाचही ठणठणीत.

मॅच ताजिकिस्तानात हिसोरला, काफा नेशन्स कप या मध्य आशियाच्या स्पर्धेत तिसऱ्या नंबरसाठी. सरांनी बाईक स्टँडवर लावली, सीटवर दप्तर आणि दप्तराला टेकवून मोबाईल, आजूबाजूला वीसेक पोरं, अंधार, डास आणि प्रत्येकाच्या घरून फोन. मोहन बागानने आपले प्लेअर सोडले नव्हते, छेत्रीला घेतलं नव्हतं, कोच येऊन जेमतेम महिना झालेला. ओमानने गोल मारला तेव्हा दोन-तीन पोरं उठून घरी निघाली, सर म्हणाले बसा रे, खालिदची टीम आहे. 80 व्या मिनिटाला उदांताने बरोबरी केली.

मग पेनल्टी. एका पोराच्या मोबाईलवर मॅच आमच्यापेक्षा काही सेकंद पुढे होती, त्याला सरांनी दम दिला की तोंड उघडायचं नाही. राहुल भेकेने मारली, आपला मुंबईचा पोरगा, मी ओरडलोच. शेवटची ओमानची किक, आमच्या स्क्रीनवर तो अजून बॉल ठेवतोय आणि ते पोरगं दोन्ही हातांनी तोंड दाबून नुसतं उड्या मारतंय. आम्हाला कळलं. तरी सगळे स्क्रीनकडेच बघत राहिलो. आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवली, 3-2! त्यानंतर चिखलात जे झालं ते ताईने कपडे बघून ओळखलं.

मंगळवारी सकाळी पंचवटीने परत. पासवाल्या मंडळींमध्ये उभ्याने आलो, पण कसारा उतरेपर्यंत शेजारच्या काकांना सगळी मॅच सांगून झाली होती.

पुढे काय झालं माहितीच आहे. ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून आघाडी घेऊन 1-2 हरलो, 2027 च्या एशियन कपमध्ये खेळायची संधी गेली. नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि टीम चुकली हेही खरंय, मडगावात लीड घेतल्यावर आपण फार लवकर मागे सरकलो असं मला वाटतं. पण ज्याने सात वर्षं मोडकी टीम तारून नेली त्याला चार महिन्यांत मोडीत काढणारे बघितले की डोकं फिरतं. वेळ द्या ना माणसाला.

ढाक्याच्या मॅचनंतर भाच्याचा फोन आला, बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला मामा, खालिद सरांना काढणार नाहीत ना? मी म्हटलं मला नाही वाटत. पुढचा प्रश्न, डिसेंबरला येतोयस ना?

येतोय. धोबीतलावला जाऊन बूट घेऊन ठेवलेत, चार नंबर. ताईला अजून सांगितलेलं नाही.