टास्मानियाचा पश्चिम किनारा: आधी क्वीन्सटाउन, मग नदी

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर जाणारे बहुतेक जण स्ट्रॉन या बंदराच्या गावी उतरतात, गॉर्डन नदीची बोटसफर करतात आणि परत फिरतात. क्वीन्सटाउन हे तांब्याच्या खाणींचं गाव त्यांना फक्त गाडीच्या काचेतून दिसतं. मी, नवरा आणि माझी आई मार्चमध्ये पाच दिवस तिकडे होतो, आणि पहिल्या दोन रात्री आम्ही क्वीन्सटाउनलाच राहिलो. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हाच क्रम सुचवते. आधी खाणींच्या धंद्यानं उघडे पडलेले ते डोंगर बघा. मग नदीकाठच्या रानाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

टास्मानियाची राजधानी होबार्टहून लायल हायवेने क्वीन्सटाउन साधारण २६० किलोमीटर आहे. नुसती गाडी चालवली तर चार तास लागतात, पण या रस्त्यावर नुसती गाडी चालवायचीच नाही. लेक सेंट क्लेअरला थांबा. पुढे डोनागीज हिलची छोटी चढण चढलात तर ढग नसताना फ्रेंचमन्स कॅपचं पांढरं शिखर दिसतं. नेल्सन धबधब्याला लाकडी पायवाट आहे, वीस मिनिटांत जाऊन येता येतं. आईचे गुडघे दुखतात, तरी ती आरामात आली. आमची चूक एकच झाली. होबार्टहून निघायलाच दुपार झाली, आणि शेवटच्या वळणांवर अंधारानं गाठलं. संध्याकाळ झाली की वॉलबी (छोट्या कांगारूसारखे प्राणी) आणि गुबगुबीत वॉम्बॅट रस्त्यावर येतात. एक वॉलबी गाडीपासून हातभर अंतरावरून उडी मारून गेली, तेव्हा तिघांच्याही तोंडून शब्द फुटेना. सकाळी आठलाच निघा. गाडी भाड्याची असेल तर अंधारात जनावर आडवं आल्यास विमा लागू होतो का, ते आधी वाचा. होबार्ट सोडतानाच टाकी भरा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, मध्ये बराच वेळ रेंज नसते.

क्वीन्सटाउनचे डोंगर सकाळी पाहिले. गुलाबी, करडे, पिवळसर, आणि कितीतरी उतारांवर झाड म्हणून नाही. आई म्हणाली, "अगं, डोंगराचं सालटंच काढलंय की." अगदी तसंच झालंय. माउंट लायलच्या तांब्याच्या भट्ट्यांसाठी रान तोडलं, भट्ट्यांच्या गंधकी धुरानं उरलंसुरलं मारलं, आणि इथल्या धो धो पावसानं उघडी माती धुऊन नेली. भट्ट्या १९६९ मध्ये बंद झाल्या. आता हिरवळ परत येते आहे, पण फार हळू. गावातून वाहणारी क्वीन नदी खाणीच्या पाण्यानं नारिंगी झालेली आहे. पुलावर उभं राहून बघा, नुसतं ऐकून पटत नाही. १९१२ मध्ये नॉर्थ लायल खाणीत लागलेल्या आगीत ४२ कामगार गेले. हे माहीत असलं की गावातल्या जुन्या इमारतींकडे बघायची नजर बदलते. फुटबॉलचं मैदानसुद्धा गवताचं नाही, खडीचं आहे, आणि गावाला त्याचा अभिमान आहे. आयर्न ब्लो या जुन्या खाणीचा खड्डा आणि हॉर्सटेल धबधब्याची लाकडी वाट, दोन्ही चुकवू नका.

इथून स्ट्रॉनपर्यंत तांबं बंदरावर नेण्यासाठी बांधलेली ३५ किलोमीटरची रेल्वे आहे. ती १९६३ मध्ये बंद पडली आणि २००२ मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा पूर्ण सुरू झाली. चढावर दोन रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी आहे. इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकतं तेव्हा डब्याला हलकासा धक्का बसतो आणि आवाज एकदम जड होतो. वेगवेगळ्या टप्प्यांच्या फेऱ्या असतात, त्यामुळे दात्यांचा भाग आपल्या फेरीत येतो का, हे आरक्षण करतानाच विचारा.

स्ट्रॉनचं स्पेलिंग वाचून लोक "स्ट्राहान" म्हणतात. तिथे गेल्यावर "स्ट्रॉन" म्हणा. मॅक्वारी हार्बरच्या काठावरचं हे छोटं, टापटिपीचं गाव. बोट आधी हेल्स गेट्स या अरुंद मुखातून समुद्राचं दर्शन घडवते, मग सारा बेटावर उतरवते. १८२२ ते १८३३ इथे कैद्यांची वसाहत होती. त्यांनी गार पाण्यात उभं राहून ह्युऑन पाइनचे ओंडके ओढले आणि त्यांच्या नौका बांधल्या. वसाहत हलवल्यावर मागे राहिलेल्यांपैकी दहा कैदी १८३४ मध्ये शेवटची नौका पळवून थेट चिलीला पोचले! त्या प्रसंगावर स्ट्रॉनमध्ये गेली अनेक वर्षं नाटक होतं, ते जरूर बघा.

गॉर्डनमध्ये शिरल्यावर बोट एकदम संथ होते, कारण लाटांनी काठ ढासळतात. त्या वेळी बाहेर डेकवर या. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वनस्पतींतल्या टॅनिनमुळे, आणि इतकं स्थिर की काठ कुठे संपतो आणि प्रतिबिंब कुठे सुरू होतं ते कळत नाही. काठावरच्या पायवाटेवर ह्युऑन पाइन जवळून दिसतो. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर जाड होणारं, दोन हजार वर्षांहून जास्त जगू शकणारं झाड. गावातल्या लाकूडगिरणीत कारागिरानं रंध्याखालची पातळ साल आईच्या हातात दिली. लोण्याच्या रंगाची, बोटांना किंचित तेलकट लागणारी, मसाल्यासारख्या गोडसर वासाची. त्या तेलामुळेच हे लाकूड पाण्यात कुजत नाही. आईनं ती साल रुमालात बांधून ठेवली.

ही नदी आज अशी दिसते ती लोक अडून बसले म्हणून. गॉर्डनवर, फ्रँकलिन नदीच्या संगमाखाली, धरण होणार होतं. डिसेंबर १९८२ पासून आंदोलकांनी कामाच्या जागा अडवल्या, हजाराहून जास्त लोकांना अटक झाली, आणि जुलै १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं (तिथलं सर्वांत वरचं न्यायालय) चार विरुद्ध तीन अशा निकालानं धरण थांबवलं. क्वीन्सटाउनचे डोंगर बघून आल्यावर ते एक मत किती मोलाचं होतं ते मला कळलं.

स्ट्रॉनजवळच्या ओशन बीचला सूर्यास्ताला जा, पण पाण्यात उतरू नका, ओढ जबर आहे. झीहान या जुन्या खाणगावाला अर्धा दिवस पुरतो: चांदीच्या भरभराटीतलं गेइटी थिएटर आणि जुन्या खाणशाळेतलं संग्रहालय. माँटेझुमा धबधब्याची वाट जुन्या ट्रामच्या मार्गानं जाते, जवळपास सपाट आहे, पण जाऊन येऊन तीन तास धरा.

पावसाचं सांगायचं तर तो येणारच. छत्री वाऱ्यात टिकत नाही. चांगला रेनकोट आणि बुटांचा जास्तीचा जोड न्या. बोटीसाठी हाताशी दोन दिवस ठेवा. राष्ट्रीय उद्यानांचा पास आधी काढून ठेवा. आणि बाहेरून टास्मानियात येताना ताजी फळं-भाजी आणू नका, विमानतळावर काढून घेतात. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ होबार्टहून घ्या आणि स्वयंपाकघर असलेली खोली बघा. आम्ही क्वीन्सटाउनला केलेल्या मुगाच्या खिचडीवर पुढचे दोन दिवस काढले.